परीक्षकाला न दिसलेली चूक

रशीदभाई, तुम्ही गेलात हे ज्याला सांगावं त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘गाडीवर?’ विचारताना आवाज जरा खाली येतो. मी ‘नाही हो, काविळीने, दवाखान्यात’ म्हटलं की समोरच्याचा किंचित विरस होतो. पासष्टाव्या वर्षी काळ्या साडेतीनशे सीसीच्या मोटरसायकलवर बसून गोव्याला जाऊन येणारा माणूस पलंगावर मरतो, हे लोकांना पटतच नाही. चाळीस वर्षं दोन चाकांवर काढून तुमच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. त्याबद्दल कोणी कौतुक केलं की तुम्ही म्हणायचात, “ओरखडा नाय म्हणजे चुकलो नाय असं नाय. समोरच्यांनी सांभाळून घेतलं.”

त्या वाक्यानेच मी तुमच्या नादाला लागलो. माझी नोकरी विमा कंपनीत, अपघातांचे दावे तपासण्याची. वीस वर्षं मी अर्ज वाचतोय, आणि प्रत्येक अर्जात चूक समोरच्याची असते. समोरचा अचानक वळला, समोरच्याने ब्रेक मारला, झाडसुद्धा समोरून आलं असावं असं वाटायला लावणारे अर्ज मी पाहिलेत. आपल्या हातून काहीतरी झालं असेल असं आपण होऊन म्हणणारा पहिला माणूस मला पनवेलच्या जुन्या बाजारात, नळाच्या सामानाच्या दुकानात, गल्ल्यावर बसलेला भेटला. वॉशर घ्यायला आलो होतो, ते दीड तास बसलो. तुम्ही मस्कतला बावीस वर्षं कंपनीच्या ड्रायव्हरांना शिकवलंत हे तेव्हा कळलं. मी पंचेचाळिसाव्या वर्षी मोटरसायकल घेतलीय हे सांगितल्यावर तुम्ही माझ्या पोटाकडे बघून म्हणालात, “अच्छा शौक हाय. आता चालवायला बी शिक.”

शिकवण्याची तुमची रीत मात्र चमत्कारिक होती. हेल्मेटच्या आत बडबडत चालवायचं. जे दिसतं ते बोलायचं, जे दिसत नाही तेही बोलायचं. ‘पुढे रिक्षा, सवारी शोधतेय, कधीही थांबेल. डावीकडे भिंत, भिंतीमागचं दिसत नाही. उजवीकडे शाळकरी पोरगी, आईचा हात सुटलाय.’ तुम्ही याला बयान म्हणायचात. “रस्त्याचं बयान दे, मिलिंद. तोंड बंद झालं की समज, डोळे बी बंद झाले.” मी कचेरीच्या भाषेत त्याला जबाब म्हणायचो आणि तुम्ही चिडायचात, कारण जबाब अपघातानंतर घेतात. नवीन पनवेलच्या सेक्टरांमधून सकाळी सकाळी एक पोटवाला माणूस हेल्मेटमध्ये एकटाच बोलत चाललाय, हे आमच्या सोसायटीत बराच काळ विनोदाचा विषय होतं.

आणि मग ती परीक्षा, सुरक्षित मोटरसायकल चालवण्याच्या प्रमाणपत्राची. परीक्षक बर्वे सर पुण्याहून आले होते. दीड तास ते माझ्या मागे, आणि त्यांची परवानगी काढून तुम्ही त्यांच्याही मागे. पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला, तिथून परत, मग जासईच्या बाजूला कंटेनरच्या ट्रेलरांमधून. शेवटी बर्वे सरांनी माझा हात हातात घेतला आणि वरच्या श्रेणीत पास झाल्याचं सांगितलं. मी पेढे आणले. तुम्ही अर्धा पेढा तोंडात टाकलात, उरलेला माझ्या हातात परत दिलात आणि म्हणालात, “मुबारक. एक गलती झाली. त्यांना दिसली नाय, मला दिसली.”

“कुठली?”

“शोध.”

रशीदभाई, त्या एका शब्दापायी तुम्ही मला तीन वर्षं छळलंत. पास झालेली माणसं पुढे काय करतात हे मी आपल्या मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपात पाहिलंय. नव्याचे नऊ दिवस, मग प्रमाणपत्राची चौकट भिंतीवर आणि गाडी जिन्याखालच्या धुळीत. मला ते सुख मिळालंच नाही. दर आठवड्याला मी एक चूक हुडकून तुमच्यापुढे हजर व्हायचो. पळस्प्याच्या फाट्यावर थांबताना उजवा पाय टेकवला, म्हणजे मागचा ब्रेक सुटला, ती का? “ती बी गलतीच. पण ती नव्हे.” वळणात शिरल्यावर वेग कमी केला, आधी करायला हवा होता, ती? “नव्हे.” परीक्षक आरशात दिसतात की नाही हे पुन्हा पुन्हा बघत होतो, ती? यावर तुम्ही खूप हसलात, पण तीही नव्हे.

एकदा मला वाटलं, सापडली. जासईजवळ एका ट्रेलरवाल्याने उजवा इंडिकेटर दाखवून मला साइड दिली होती आणि मी त्याच्या भरवशावर पुढे काढली होती. आपल्याकडे उजवा इंडिकेटर म्हणजे ‘जा, रस्ता मोकळा आहे’ आणि उजवा इंडिकेटर म्हणजे ‘मीच उजवीकडे वळतोय’. दोन्ही अर्थ एकाच दिव्याचे. त्याने कुठला अर्थ धरलाय हे मी कसं ठरवलं? मी धावत दुकानात आलो. तुम्ही गिऱ्हाईक थांबवून नीट ऐकून घेतलंत. “त्याच्या डोळ्यांनी तू ओव्हरटेक केलंस,” म्हणालात, “आणि त्याचे डोळे तुझ्यासाठी जबाबदार नाय. बहोत अच्छा. आता हे परत करू नको.” मी विचारलं, “मग हीच ना?” तुम्ही गिऱ्हाइकाकडे वळलात. “पाऊण इंची पाहिजे का अर्धा इंची?”

गेल्या वर्षी मी खरोखर भांडलो. सांगायचं नव्हतं तर बोललात कशाला, असं दुकानात चार माणसांसमोर म्हणालो. मला वाटायला लागलं होतं की चूक वगैरे काही नाहीच, म्हाताऱ्याने मला कामाला लावायला एक गाजर लटकवलंय. तुम्ही गल्ल्यातली नाणी मोजायला घेतलीत. मी तरातरा निघून आलो आणि तीन आठवडे फिरकलो नाही. ते तीन आठवडे आज मला फार महाग वाटतात.

मग दवाखाना. तुम्ही हळदीसारखे पिवळे झाला होतात. झुबेदाभाभी बाजूला बसल्या होत्या. मी वातावरण हलकं करायला म्हणून विचारलं, “भाई, आता तरी सांगा.” तुम्ही डोळे मिटलेत. मग म्हणालात, “सोड ना आता. तू चांगला चालवतोस.” इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. जिन्यावरून उतरताना मी रडलो, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुम्ही गेल्यावर पहिल्या रविवारी मी त्याच वाटेवर गेलो. दुसरं काही सुचत नव्हतं. या वेळी हेल्मेटमध्ये छोटा माइक लावला, बयान फोनवर रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळी घरी लावून ऐकत बसलो. दावे तपासतो तसं. चूक खरंच असेल तर ती माझ्या आवाजात कुठेतरी असणार, एवढाच हिशेब. बायको भाजी निवडत शेजारी बसली होती. सीमाला या सगळ्याचा कंटाळा आहे, पण तिचे कान तिखट आहेत. मध्येच तिने विचारलं, “इथे काय झालं?”

“कुठे?”

“बोलता बोलता गप्प झालास. ‘डावीकडे पंक्चरवाला, त्याच्या’ इतकंच म्हणालास. त्याच्या काय?”

मागे नेऊन ऐकलं. खरंच होतं. ‘डावीकडे पंक्चरवाला, त्याच्या’, मग नुसता वारा, मग ‘पुढे टेम्पो’. दोन सेकंद, फार तर तीन. मी म्हटलं, घशात काही आलं असेल. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. रेकॉर्डिंगमध्ये त्याच जागी तोंड बंद. या वेळी पंक्चरवाल्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. अख्ख्या दीड तासात मी दुसरीकडे कुठेही गप्प नव्हतो, आणि त्या रात्री मला झोप आली नाही ती दुःखाने नव्हे, उत्सुकतेने. याची मला थोडी लाज वाटली, पण तुम्हाला वाटली नसती.

तिसऱ्या रविवारी मी स्वतःवरच पाळत ठेवून निघालो. पळस्पे ओलांडलं, गोव्याच्या रस्त्याला लागलो, वेग साठ. बोलतोय, बोलतोय. डाव्या हाताला पंक्चरवाल्याचे रचलेले टायर लांबून दिसले, त्यांच्या अलीकडे देवीचं छोटं देऊळ. आणि मला माझा उजवा हात दिसला. तो हँडल सोडून वर आला होता. हेल्मेटला लागला, छातीला लागला आणि परत जागेवर जाऊन बसला. मान डावीकडे वळली होती. तोंड अर्थातच मिटलेलं, देवापुढे कोण बडबडतं.

मी पुढे जाऊन गाडी कडेला घेतली आणि हात बघत उभा राहिलो. उजवाच हात, रशीदभाई. रेसचा आणि पुढच्या ब्रेकचा. डाव्याने देवाला नमस्कार करत नाहीत, त्यामुळे जो हात सुटायला नको तोच सुटतो. मी हे कधीपासून करतोय? सायकलवर वडिलांच्या पुढे दांडीवर बसायचो तेव्हापासून. मी चालत मागे गेलो आणि पावलांनी अंतर मोजलं. साठच्या वेगाला दोन सेकंदांत गाडी तेहेतीस मीटर जाते. देवळाच्या पायरीपासून टायरांच्या पलीकडपर्यंत. एवढा रस्ता मी आयुष्यभर पाहिलेलाच नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो हा.

घरी येऊन बर्वे सरांना फोन केला. मला राहवेना.

“सर, माझ्या परीक्षेच्या वाटेवर एक देवीचं देऊळ होतं, आठवतं?”

“हो, हो. छान जागृत स्थान आहे म्हणतात.”

“तुम्ही तिथून जाताना नमस्कार करता?”

“करतो की. का हो?”

“गाडी चालवताना?”

 सर अगदी हळू म्हणाले, “थांबा हं. मला जरा विचार करू द्या.”

म्हणजे त्या दिवशी तुम्हाला मागून काय दिसलं असेल ते मला आत्ता दिसतंय. आधी पुढे माझा हात वर गेला, आणि मग त्याच जागी, तितक्याच भक्तिभावाने, परीक्षकांचा. त्यांना माझी चूक दिसणार कशी? ते तेव्हा देवीकडे बघत होते. मी एकटाच बसून इतका हसलो की सीमा बाहेर आली. तिला सांगितल्यावर ती म्हणाली, “त्यात शोधायचं काय होतं? कारमध्येही करतोस. मला वाटलं, तुला माहीत आहे.”

पण मग दुसरा प्रश्न. परीक्षेनंतर तीन वर्षं आपण त्या वाटेने महिन्यातून दोनदा तरी जायचो, आणि तुम्ही माझ्या मागे असायचात. तेव्हाही माझा हात उठायला हवा होता. मग आठवलं की तेव्हा आपण तिथे थांबायचो. देवळासमोर एका मावशींची चहाची टपरी आहे. चहा गोडमिट्ट. तुम्हाला साखरेचा आजार, तरी तुम्ही प्रत्येक वेळी देवळाच्या अलीकडे पुढे येऊन हाताने खूण करायचात, चहा. मी कुरकुरायचो. पुढे एवढी चांगली हॉटेलं सोडून इथे कशाला म्हणून.

मी परत टपरीवर गेलो. मावशींना तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “चाय कुठं प्यायचे वो ते. अर्धा कप घेयाचे नि ओतून देयाचे. मी एकदा बोलले बी, चाचा, आवडत नाय तं घेता कशाला. तं बोलले, हा माझा माणूस देवीच्या पाया पडून येऊ दे, तवर बसायला नको का?”

तर तुम्ही माझा हात असा खाली ठेवलात. एक शब्द न बोलता, ओतून दिलेल्या चहावर. हेल्मेट काढून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, दोन्ही हात जोडून मी नमस्कार केला की तुम्ही उठायचात. तीन वर्षं माझी चूक झालीच नाही, म्हणून ती मला सापडली नाही. तुम्ही गेलात, चहा थांबला आणि पहिल्याच रविवारी हात उठला.

मला याचा राग आला, रशीदभाई, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. एका वाक्याचं काम होतं. ‘मिलिंद, चालवताना नमस्कार करू नको, थांबून कर.’ उजव्या पायाबद्दल तोंडावर बोलायचात, पोटाबद्दल बोलायचात, याच्याबद्दल का नाही? मी दुखावलो असतो असं वाटलं? मी तसला माणूस आहे असं तुम्हाला का वाटावं? पाच वर्षं मी ईदला तुमच्याकडे जेवतोय. या प्रश्नाचा छडा लावायचा म्हणून मी आपल्या ग्रुपवरचे जुने मेसेज चाळायला घेतले. परीक्षेच्या आसपास काही बोलणं झालं होतं का, एवढंच बघायचं होतं. दुसऱ्यांचे जबाब वाचायची सवय आहे, तसंच वाचत गेलो.

परीक्षेच्या पंधरा दिवस आधी पाडवा होता. पाडव्याच्या शोभायात्रेत आपल्या ग्रुपातले बरेच जण फेटे बांधून, बिनहेल्मेटचे गाडीवर होते. मीसुद्धा. कोणीतरी फोटो टाकले. त्याखाली तुम्ही लिहिलं होतं, ‘फेटा फार शोभतो. पण यात्रेपर्यंत हेल्मेट घालून जा, तिथे फेटा बांधा. डोकं एकच हाय.’ त्यावर दोघातिघांनी जे लिहिलं ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. वाद वाढेल असं मला वाटलं असणार. त्याखाली माझा मेसेज आहे, नावानिशी, शेवटी हात जोडल्याच्या चित्रासकट. ‘रशीदभाई, हा आमच्या घरचा विषय आहे. तुम्ही राहू द्या.’

मला हे लिहिलेलं आठवतही नव्हतं. मी ते सभ्यपणे लिहिलं होतं, भांडण मिटवायला लिहिलं होतं, हे सगळं खरं आहे. अर्जात मी असंच लिहिलं असतं. तुमचं उत्तर एका ओळीचं आहे, ‘ठीक हाय मिलिंद. तू म्हणतोस तर.’ आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी देवळापुढे माझा हात उठलेला तुम्हाला दिसला. तुम्ही मला शिकवणं सोडलं नाहीत. तेवढा एक विषय मी सांगितल्याप्रमाणे राहू दिलात, आणि मी तो आपला आपण शोधावा म्हणून तीन वर्षं वाट बघितलीत.

परवा झुबेदाभाभींचा फोन आला. पुढच्या शुक्रवारी तुमचा चाळिसावा दिवस आहे, सीमाला घेऊन जेवायला या म्हणाल्या. मी विचारलं, बरेच लोक असतील, माझी अडचण तर नाही ना? त्या म्हणाल्या, “लोक कुठले, भाई. बाहेरच्यांना नाय बोलावलं. घरचेच हायत.”

मी फोन हातात धरून उभा राहिलो. भाभींना वाटलं लाइन तुटली. त्या हॅलो हॅलो करत राहिल्या आणि मला हो म्हणायला फार वेळ लागला.